लेक विनिपेगवरचा मोठा पिकरेल : सुहासला पत्र

विनिपेग,
११ जानेवारी

प्रिय सुहास,

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तू इकडे येतोयस हे नक्की झालं, फार बरं वाटलं. फोनवर तू एकच विचारलंस, "२८ इंचाचा पिकरेल मिळेल का रे?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. तो मासा मिळू शकतो. पण बर्फातल्या भोकाजवळ नुसतं बसून वाट बघणाऱ्याला तो क्वचित मिळतो. मिळालाच तर पाण्याबाहेरच्या पहिल्या मिनिटात त्याचं काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. या पत्रातला बराच भाग त्याबद्दलच आहे.

२८ हा आकडा मॅनिटोबा प्रांताच्या मास्टर अँग्लर नोंदीचा, म्हणजे मोठे मासे पकडणाऱ्यांच्या मानाच्या यादीचा. पाइक या दुसऱ्या माशाला तिथे ४१ इंच लागतात. नोंद लांबीवर होते, त्यामुळे मोजून, फोटो काढून मासा सोडून देता येतो. वजनाची हौस असली तर लांबीचा घन करून २७०० ने भाग, पौंडांत अंदाज निघतो. २८ इंचाला आठ पौंडांच्या आसपास येतं आणि ३० ला बरोबर दहा. इथले 'ग्रीनबॅक', म्हणजे पाठीवर हिरवट सोनेरी झाक असलेले मासे, अंगाने भरलेले असतात, ते या हिशेबापेक्षा जडही भरतात. दुकानात, बर्फावर सगळे पिकरेल म्हणतात, पण पुस्तकात आणि व्हिडिओत तोच वॉलाय.

तलाव जवळजवळ २४,५०० चौरस किलोमीटरचा, पण दक्षिणेकडचा भाग उथळ आहे. आपण बसू तिथे बर्फाखाली १२ ते १८ फूट पाणी असेल. रेड नदी याच टोकाला येऊन मिळते आणि बरोबर गाळ आणते, म्हणून पाणी गढूळ. आता पिकरेलचे डोळे बघ : आत चकाकणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. स्वच्छ पाण्याच्या तलावांवर तो म्हणूनच पहाटे आणि संध्याकाळी खातो. इथे गढूळपणामुळे भर दुपारीही खातो. पण त्याच गढूळपणामुळे तुझं आमिष त्याला लांबून दिसत नाही, ते ऐकवावं लागतं. अंगाच्या बाजूला असलेल्या रेषेने त्याला पाण्यातली थरथर कळते, तो त्या दिशेने येतो आणि डोळे शेवटच्या दोन-तीन फुटांत वापरतो. इथे खुळखुळणारी आमिषं का चालतात, त्याचं कारण हे.

तर मुख्य आमिष रॅटल बेट : चपटं, माशाच्या आकाराचं, पोटात छर्रे असलेलं, अडीच ते तीन इंच लांब आणि अर्ध्या औंसाच्या आसपास. सोनेरी, गुलाबी, पिवळट हिरवा आणि अंधारात चमकणारा पांढरा असे चार रंग पुरेत. पेटी भरभरून आणू नकोस. बहुतेक वेळा रंगापेक्षा हाताची चाल चुकलेली असते.

चाल अशी. आमिष तळापर्यंत सोड, मग फूटभर वर घे. रॉडचं टोक झटक्यात दोन-तीन फूट उचल, पोटातले छर्रे वाजले पाहिजेत. खाली येताना तंगूस किंचित ढिला ठेव, म्हणजे ते थरथरत पडेल. असे तीन-चार झटके दिल्यावर एकदा तळावर आपट, थोडा चिखल उडू दे, आणि मग पाच ते दहा सेकंद काही करू नकोस. ही थांबण्याची वेळ लोक कापतात. बऱ्याचदा मासा झटक्यावर येतो आणि थांबलेल्या आमिषावर तोंड टाकतो. सोनारवर (पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्रावर) त्याची रेघ दिसली की मोठे झटके ताबडतोब बंद. बोटभर थरथरवत आमिष हळूहळू वर घे. रेघही वर आली, तर आणखी वर घे, थांबू नकोस. पिकरेल वर बघत खातो, त्यामुळे आमिष त्याच्या डोक्यावर राहिलं पाहिजे. त्याच्या अंगावर खाली सोडलंस की तो गेलाच म्हणून समज. रेघ फिकी पडायला लागली तर एकच झटका दे आणि परत शांत. तुला हातातल्या तंगुसावर मासा कळतो, पण इथला मोठा पिकरेल पुष्कळदा हिसका देतच नाही, टोक नुसतं जड होतं. जड वाटलं की मार, म्हणजे झटका देऊन गळ रुतव.

परवान्यावर बर्फात दोन रॉड चालतात. दुसरा रॉड चार-पाच फुटांवरच्या भोकात स्टँडवर ठेवायचा, साध्या जिगला (वजन लावलेल्या गळाला) गोठवलेला शायनर हा छोटा मासा लावून, तळापासून फूटभर वर. खुळखुळ्याने बोलावलेले आणि त्याला बिचकलेले मासे या मुकाट आमिषाला लागतात. जिवंत मिनोच्या (आमिषाच्या छोट्या माशांच्या) भानगडीत पडू नकोस, गोठवलेले किंवा मिठातले आण.

आता सर्वांत महत्त्वाचं, जागा बदलणं. हिवाळ्यात इथले मासे थव्याने भटकतात, लहान मासळीच्या मागे. त्यामुळे दगड, कडा शोधण्याला इतर तलावांवर आहे तेवढा अर्थ इथे नाही, तळ बराचसा सपाट चिखलाचा. दहा-बारा भोकं एकदमच पाडायची, मधे तीस-चाळीस पावलं. प्रत्येकावर पंधरा-वीस मिनिटं, सोनारवर काही दिसलं नाही की पुढचं. भोकं सुरुवातीलाच पाडायची, कारण ऑगरच्या (बर्फाला भोक पाडणाऱ्या यंत्राच्या) आवाजाने उथळ पाण्यातले मासे बिचकतात आणि शांत व्हायला वेळ घेतात. पुढचं दाखवणारा लाइव्ह सोनार घेऊ का, असं तू विचारलं होतंस. माझ्या मते नको. साधा फ्लॅशर (भोकाच्या थेट खालचंच दाखवणारा सोनार) पुरतो, उरलेले पैसे पाण्यावर तरंगवणाऱ्या फ्लोटिंग सूटला घाल. लाइव्ह सोनारवाले स्क्रीनवरच्या ठिपक्यामागे दिवसभर धावतात आणि हातातलं आमिष विसरतात.

रॉड ३२ ते ३६ इंची, मध्यम ताकदीचा, टोकाला मऊ. फार कडक टोक असलं तर बिनकाट्याचा गळ सुटतो. मॅनिटोबात गळाचा उलटा काटा चालत नाही, पक्कडीने दाबून सपाट करायचा. रॅटल बेटवरच्या दोन्ही तिहेरी गळांचे सहाच्या सहा. कापसावर ओढून बघ, धागा अडकला तर अजून दाबायचा राहिलाय. रिळावर दहा पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे दोन फूट तेवढ्याच ताकदीचा फ्लोरोकार्बनचा तंगूस. ब्रेड पाणी धरते आणि तंबूबाहेर उणे वीसला तारेसारखी कडक होते, म्हणून उघड्यावर बसायचं असेल त्या रॉडवर साधा तंगूस बरा. रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर टोक पाण्यात बुडव, नखाने खरवडू नकोस, कडं वाकतं. रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तसा तंगूस सोडणारा ब्रेक) घरी ठीक वाटतो आणि बाहेर ग्रीस घट्ट होऊन अडकतो. दर तासाला हाताने ओढून बघ आणि मनाला वाटतं त्यापेक्षा ढिला ठेव.

ऑगर आठ इंची पुरेल. पाइकसाठी दहा. फेब्रुवारीअखेर बर्फ तीन फुटांच्या आसपास असतो, म्हणून ऑगरला जोडनळी हवी. पाती सरळ बर्फावर आपटून झटकू नकोस, धार तिथेच जाते. गरम गाडीतून काढलेलं ओलं पातं थंडीत गेलं की धारेवर पातळ बर्फ बसतो आणि ऑगर नुसता गरगर फिरतो. बॅटरी कोटाच्या आत ठेव, आणि शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नकोस. भोकातला चुरा काढायला मोठा झारा लागतो, तो इथे कुठल्याही दुकानात मिळतो.

मोठे मासे सुटतात ते बहुधा भोकाच्या तोंडाशी. लागलाय हे कळताच पहिलं काम म्हणजे सोनारचा सेन्सर आणि दुसऱ्या रॉडचा तंगूस वर घेणं. मासा खाली गोल फिरतो आणि सगळं गुंडाळतो. तू एकटा असशील तर सेन्सर पायाने उडव, पण वर घे. मासा आडवा पळाला की तंगूस बर्फाच्या खालच्या कडेवर घासतो, तिथेच तुटतो. तेव्हा रॉडचं टोक भोकात पाण्याखाली घाल. गळाला उलटा काटा नाही हे लक्षात ठेव, क्षणभरही ढील द्यायची नाही. डोकं भोकात शिरेपर्यंत घाई नको. शिरलं की मात्र एका दमात वर. तंगुसाने उचलू नकोस. मानेमागून किंवा कल्ल्याच्या झाकणाखालून धर, लाल कल्ल्याला बोट लागू न देता. झाकणाची कड धारदार असते आणि तोंडात दात, ओठ धरायचा विचारही करू नकोस.

आता ते पहिलं मिनिट. उणे पंचवीसला कल्ले आणि डोळे काही सेकंदांत गोठायला लागतात, बाहेरून मासा धडधाकट दिसतो आणि खाली जाऊन मरतो. म्हणून गळ तंबूतच काढायचा. मोजपट्टी आधीच ओली करून ठेवलेली, पक्कड खिशात, फोन हातात. स्नोवर ठेवायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कोरडे हातमोजेही नकोत, उघडा ओला हात. आडवा धर, एक हात पोटाखाली. उभा लटकवलास तर स्वतःच्याच वजनाने आतून दुखावतो. मोज, एक फोटो, आत. डोकं खाली करून शेपटीजवळ धर, शेपूट स्वतः हलली की सोड. एवढे मोठे पिकरेल बहुतेक माद्याच असतात आणि या दिवसांत पोटात गाबोळी असते, वसंतात नद्यांत चढून अंडी घालायची असतात. त्या वयाला पोचायला त्यांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागलेली असतात.

पाणी उथळ असल्याने इथे एक त्रास टळतो. पिकरेलच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला (आपल्याकडे घोळीचं 'बोत' विकतात ती हीच) बाहेर तोंड नसतं, त्यामुळे तीस फुटांहून खोल पाण्यातून झरकन ओढला तर ती फुगते आणि सोडलेला मासा खाली जाऊ शकत नाही. लेक ट्राउट मात्र ढेकर देऊन हवा सोडतो. खोल तलावांवर पिकरेल पकडून सोडण्याचा खेळ करू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे हवे तेवढे खाण्यापुरते घ्यावेत आणि उठावं.

खायला १५ ते १८ इंची घेऊ. रवा लावून तळलेल्या पिकरेलला नावं ठेवायला जागा नाही, आणि गालाचे दोन तुकडे फेकू नकोस, सगळ्यांत चविष्ट तेच. किती आणि किती लांबीपर्यंत ठेवायचे याचे नियम बदलत असतात, यंदाचं नियमपुस्तक फोनवर उतरवून ठेव.

पाइकबद्दल थोडक्यात. तो खुल्या तळ्यात शोधण्यापेक्षा गवताळ खाडीत, चार ते आठ फुटांवर बरा. झेंडा उभा राहणारा टिप-अप, अठरा इंच तारेचा लीडर, दोन तिहेरी गळांवर आडवं टांगलेलं मेलेलं हेरिंग. झेंडा उठला की वाट न बघता मार, नाहीतर तो गळ घशात उतरवतो.

बर्फाचं. पारदर्शक बर्फ चार इंच असेल तर चालायला, पाच-सहा स्नोमोबिलला, आठ ते बारा लहान गाडीला, बारा ते पंधरा पिकअपला. पांढरा, दुधी बर्फ असेल तर जाडी दुप्पट लागते. तीन फूट बर्फ ऐकून निर्धास्त होऊ नकोस. धोका जाडीच्या सरासरीत नसतो, फटीत असतो. या तलावावर बर्फाचे तुकडे एकमेकांवर रेटून लांबच लांब उंचवटे तयार होतात, शेजारी उघडं पाणी असू शकतं, आणि सकाळी ओलांडलेली जागा संध्याकाळी तशी राहत नाही. खुणा केलेल्या वाटेनेच ओलांडायचं. रेड नदीच्या मुखाशी खालून प्रवाह बर्फ झिजवतो, तिथे त्याच दिवशी चौकशी केल्याशिवाय जायचं नाही. गाडी हळू, कारण वेगाने गेलं की बर्फाखाली लाट उठते आणि ती किनाऱ्याजवळ बर्फ फोडते. पट्टा सोडलेला, काच खाली.

गळ्यात बर्फाचे टोचे अडकवलेले हवेत. विनिपेगच्याच मॅनिटोबा विद्यापीठात थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासलेले गॉर्डन गीसब्रेख्त यांचं १-१०-१ पाठ कर : पाण्यात पडल्यावर पहिल्या एका मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास असतो. म्हणजे धडपड त्या दहा मिनिटांत, ज्या दिशेने आलास तिकडेच तोंड करून, कारण तिथल्या बर्फाने तुला पेललं होतं. टोचे रोव, पाय मार, वर आलास की उभा न राहता लोळत लांब जा.

तंबूत प्रोपेनचा हीटर असतो, वरची खालची दोन्ही हवेची तोंडं उघडी ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगायचा. उणे तीसला छोट्या डब्यांतली ज्योत मरगळते, कारण प्रोपेन उणे ४२ ला उकळतो आणि त्याच्या जवळ गेलं की वाफेचा दाब उरत नाही. वीस पौंडांची टाकी आणि नळी असली की हा प्रश्न फारसा येत नाही. वारा सुटून सगळीकडे पांढरं झालं तर किनारा दिसत नाही, म्हणून निघतानाच जीपीएसवर वाट नोंदवायला लाव.

तलावात झेब्रा शिंपले आहेत, २०१३ मध्ये सापडले. परतताना सगळं रिकामं करून वाळवायचं, उरलेलं आमिष कचऱ्यात.

तू येताना लोकरीचे मोजे तीन जोड, पातळ हातमोजे दोन आणि सहाच्या सहा काटे दाबलेली चार रॅटल बेटं घेऊन ये. तंबू, ऑगर, टाकी, टोचे इथे आहेत. परवाना ऑनलाइन काढ, ओंटारियोचा इथे चालत नाही. विमानात हीटरचे गॅसचे डबे सामानात टाकू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद