शिरस्तेदार (कोर्टाचे मुख्य कारकून) काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

आईचा दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करायची ऑर्डर झाल्याचं सांगायला फोन केला तर तुम्ही "बरं झालं, आधी नक्कलेला (ऑर्डरच्या सही-शिक्क्याच्या कॉपीला) अर्ज टाक" एवढं बोलून फोन ठेवून दिलात, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय. नाव टाकू नको म्हणाला होतात, टाकत नाही, तालुक्याचंही टाकत नाही. पण लोकांना एवढं तरी कळू दे की एक रिटायर्ड शिरस्तेदार आहेत, नोकरीभर कोर्टात बसून दुनियेचे कागद लावले आणि रिटायर झाल्यावर आमचे लावून दिले, तेही बिनसाखरेच्या चहावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आईने माहेरच्या जमिनीत वाटपाचा दावा लावलाय, तालुक्याच्या दिवाणी कोर्टात. समोर सख्खा मामा, आणि मामाचा मुलगा त्याच कोर्टात वकील, नुसता वकील नाही तर तिथल्या बारचा, म्हणजे वकील संघटनेचा पदाधिकारी. आईच्या वकिलांनी एका तारखेला पुरसीस (कोर्टाला लेखी कळवणं) देऊन वकीलपत्र काढून घेतलं, म्हणजे केस सोडली आणि त्यानंतर ज्याच्याकडे जावं तो हात जोडायचा, ताई आम्हाला रोज त्याच्याच शेजारी बसायचंय हो. बारने आमचं काम घेऊ नये असा ठराव वगैरे काही केला नव्हता. केला असता तर बरंच झालं असतं, हातात कागद तरी आला असता! मग निशाणी 5 चा अर्ज, म्हणजे दावा चालू असेपर्यंत जमीन विकू नये म्हणून टाकलेला मनाईचा, तो पण नामंजूर झाला आणि घरात सगळ्यांचं एकच सुरू झालं, जज मॅनेज आहे, जज बदलून मागा. दादाने तर अर्ज टाईप करून आणलासुद्धा.

तो अर्ज तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात आणि विचारलंत, "याला पुरावा काय?" दादा म्हणाला, निकाल विरोधात गेला हाच पुरावा. त्यावर तुम्ही चिडला नाहीत हे मला फार आवडलं. निशाणी 5 च्या ऑर्डरवर जिल्हा कोर्टात अपील असतं, ऑर्डर चुकली वाटत असेल तर तिकडे जा, प्रत्येक विरोधी ऑर्डरला जज बदलायला लागलो तर तालुक्याला जज पुरायचे नाहीत, असं शांतपणे सांगितलंत. आणि मग ती नागपूरची गोष्ट, पन्नासच्या दशकातली. तिथल्या हायकोर्टात प्रकरण दुसऱ्या बेंचकडे द्या असा अर्ज झाला, त्यात जजेसच्या हेतूवर शंका घेतली होती, तर अर्जावर सही करणाऱ्या दोन वकिलांवरच कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाचा अवमान लागला. शिक्षा हायकोर्टाने दिली आणि माफी स्वीकारली गेली ती थेट सुप्रीम कोर्टात. "तुझ्या अर्जावर सही करायला तरी कोण येणार रे?" म्हणालात. दादाने गपचूप अर्जाची घडी घातली.

मग मला म्हणालात, पहिल्या तारखेपासूनचा रोजनामा काढ, सर्टिफाईड. मला तेव्हा वाटलं हा माणूस आपल्याला कामाला लावून कटवतोय (सॉरी काका). रोजनामा म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या दोन-दोन ओळी, आम्ही त्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं, आमचं लक्ष फक्त पुढची तारीख कधी एवढ्यावर. तुम्ही पेन्सिल घेऊन ओळीन् ओळ वाचलीत आणि तीच तीच ओळ सापडत गेली, वादी स्वतः हजर, वकील नेमण्यास मुदत मागितली, मुदत दिली. परत तेच. परत तेच. ज्या जजला आम्ही घरात बसून शिव्या घालत होतो त्यांच्याच कोर्टाच्या कागदावर आमची अडचण तारीखवार लिहून ठेवलेली होती आणि त्यांनी दर वेळी मुदतही दिली होती. याच्यापेक्षा चांगला पुरावा कुठून आणणार होतो आम्ही?

तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायलाही तुम्हीच लावलंत. बाईमाणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं (1987 चा कायदा आहे, 15100 नंबरवर फोन केला तरी सांगतात). समितीने वकील दिले, त्यांनी लेखी कळवलं की वैयक्तिक कारणास्तव काम पाहू शकत नाही. दुसरे दिले, त्यांचंही तसंच पत्र. मी रडकुंडीला आले आणि तुम्ही ती पत्रं फाईलला लावताना चक्क खूश दिसत होतात.

आणि मनेका गांधींची केस. 1979 ची. राणी जेठमलानींनी मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात त्यांच्यावर बदनामीची फिर्याद केली होती, मनेकांना ती दिल्लीला हवी होती, एक कारण असंही दिलं होतं की मुंबईत चांगला वकील मिळणार नाही. सुप्रीम कोर्टाने नाही म्हणून सांगितलं, नुसती गैरसोय किंवा मनातली धास्ती पुरत नाही. आम्ही म्हटलं मग आपलं तर संपलंच. तर तुम्ही म्हणालात त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर हेही म्हणून गेलेत की एखाद्या कोर्टातला अख्खा बारच जर कुणाचं काम घ्यायला नकार देत असेल तर ते कारण विचारात घेण्यासारखं आहे. ती केस फौजदारी, आपला दावा दिवाणी, पण मुद्दा तोच, असं तुमचं म्हणणं. हरलेल्या माणसाच्या निकालातून आपल्या कामाची ओळ शोधायची हे मी तुमच्याकडून शिकले.

अर्ज शेवटी जिल्ह्याच्या वकील मॅडमनी ड्राफ्ट केला, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली, प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे (मॅडम, तुमचेही आभार, तुमच्यावर वेगळं लिहीन). त्यात जजसाहेबांबद्दल वाईट एक शब्द नाही. फक्त एवढंच की या ठिकाणी वादीला वकील मिळत नाही, सोबत रोजनामा आणि ती पत्रं. जागा मागा, जज आपोआप बदलतात, हे तुमचं वाक्य दादा आता स्वतःचं असल्यासारखं सगळ्यांना सांगत फिरतो. हो, आणि नुसता अर्ज टाकला म्हणून खालचं काम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, ते तुम्ही आठवण करून दिलं नसतं तर तिकडे दावा पुढे सरकत राहिला असता.

सुनावणीला मामाकडून म्हणणं आलं की जमीन इथे, साक्षीदार इथले, मुद्दाम त्रास द्यायला लांब नेतायत. पण लांब तर आम्हालाच पडणार होतं! तालुक्याचं कोर्ट घरापासून चालत जाण्यासारखं, जिल्ह्याला जायचं तर एसटी बदलून, आईचे गुडघे तसले. मॅडमनी तेच धरलं, ज्या बाईला स्वतःला जास्त त्रास होणार ती लांबचं कोर्ट उगाच कशाला मागेल. खालच्या जजसाहेबांचा अभिप्राय मागवला होता, त्यांनी हरकत नाही असं कळवलं. ते वाचून मला जरा कसंतरीच झालं, खरं सांगते. दावा जिल्ह्याला वर्ग झाला, आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालणार, पहिल्यापासून नाही.

बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगते, फौजदारी केसचं कलम वेगळं आहे, जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 446 ते 448, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची तर सुप्रीम कोर्टच. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराची बिल्किस बानोंची केस तशीच 2004 मध्ये अहमदाबादहून मुंबईला आली होती, आणि खटला इथे चालला म्हणून दोषींना शिक्षेत सूट द्यायचा अधिकार गुजरातचा नाही, महाराष्ट्राचा, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये सांगितलं. जागेचा परिणाम किती लांब जातो बघा. हेही काकांनीच सांगितलेलं, मी फक्त पोचवतेय.

काका, पुढच्या तारखेला आईच्या सरतपासाचं (स्वतःच्या बाजूच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र आहे. ती आतापासून घाबरलीय, उलटतपासात भाचाच समोर उभा राहिला तर त्याला अहो म्हणायचं की अरे, असं विचारतेय. जमलं तर एकदा तिच्याशी बोला. लिंबाचं लोणचं पाठवलंय पुतण्याबरोबर, ही काही फी नाही, परत पाठवू नका.