सुलेमानियेचं काजळ

ती. आजी,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू जात नाही म्हणून लिहूनच पाठवतेय, दादाकडून वाचून घे. मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

रविवारी परत सुलेमानिये मशिदीत गेलेले, तिसऱ्यांदा. इस्तंबूलला आलं की सगळे निळ्या मशिदीकडे पळतात पण मला हीच आवडते. तू दिलेली लाल ओढणी डोक्यावरून घेतली, बूट काढले आणि गालिच्यावर बसले. वर बघून बघून मान दुखते गं, घुमट ५३ मीटर उंच, म्हणजे सतरा मजली बिल्डिंग आत मावेल, आणि त्याला मोठे खांब चारच, बाकीचा भार पुढच्या-मागच्या अर्ध्या घुमटांवर आणि भिंतीत लपवलेल्या धिऱ्यांवर. सुलतान सुलेमाननं १५५० ला काम काढलं, सिनान नावाच्या मिमारनं, म्हणजे वास्तुकारानं, सात वर्षांत उभंही केलं. आपल्या नाक्यावरचा पूल आठवला मला!

पण सांगायचंय ते वेगळंच. तेव्हा आत तेलाचे शेकडो दिवे जळायचे, म्हणजे भिंती काळ्याकुट्टच व्हायला हव्यात ना, तर सिनाननं हवेचा झोत असा खेळवला की सगळा धूर मुख्य दाराच्या वरच्या एका खोलीत जायचा आणि काजळी तिथेच धरायची. मग ती खरवडून डिंकात खलून शाई करायचे, त्याच शाईनं पोथ्या लिहायचे. मला लगेच तू आठवलीस, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून बसलेली, सकाळी बोटानं काजळी पुसून लोण्यात मळायचीस आणि आम्ही रडत डोळे पुढे करायचो. तुझं आणि सिनानचं टेक्निक एकच गं, त्याची ताटली जरा मोठी!

त्याची स्वतःची कबर मात्र मशिदीबाहेर गल्लीच्या कोपऱ्यावर आहे, इतकी छोटी की पहिल्या दोन वेळा मी तिच्यासमोरून सरळ निघून गेले. सुलतान आत बागेत मोठ्या घुमटाखाली. मी कोपऱ्यावरच जास्त वेळ थांबले.

नंतर समोरच्या गल्लीत पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात खाल्ला, इथे तेच फेमस आहे. मिरची कमी, पण चालतं.

लोणी किती घालायचीस काजळात ते दादाला सांगून मेसेज करायला लाव, आईला आठवत नाहीये.

तुझी,
छकुली