नकाशातला हिरवा रंग नेमका कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इस्लामी संस्कृतीच्या उदयावरील रविवारच्या लेखासोबतच्या नकाशात इ. स. ७५० पर्यंत स्पेनपासून सिंधपर्यंतचा पट्टा एकाच हिरव्या रंगात दाखवून खाली ‘इस्लामचा प्रसार’ असे छापले आहे. वास्तविक तो खलिफांच्या सत्तेचा नकाशा आहे. धर्म आणि भाषा त्या वेगाने पसरल्या नाहीत.

सत्ता झपाट्याने वाढली, यात वाद नाही. पैगंबर ६३२ मध्ये वारले. ६३६ च्या यर्मूकच्या लढाईनंतर सीरिया बायझंटाइनांच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, हातून गेला, ६४२ पर्यंत इजिप्त गेला आणि ६५१ मध्ये इराणचा शेवटचा सासानी राजा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला. ६०२ ते ६२८ या काळात ही दोन्ही साम्राज्ये आपसांत लढून खंक झाली होती, हे लेखात आलेच आहे.

जिंकणारे मात्र संख्येने थोडे होते आणि रयतेपासून वेगळे राहत. खलिफा उमर यांच्या काळात फौजा बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या छावणी-शहरांत वसल्या. इराकची सुपीक जमीन सैनिकांत न वाटता कसणाऱ्यांकडेच ठेवली गेली. तिचा सारा, म्हणजे खराज, सरकारात जमा होई. ‘दीवान’ नावाच्या नोंदवहीत सैनिकांची नावे चढवून त्यांना तनखा मिळे. इस्लाममध्ये जो आधी आला, त्याचा तनखा मोठा.

वसुलीचे कारकून जुनेच राहिले. इजिप्तमधील हिजरी (६२२ पासून मोजल्या जाणाऱ्या इस्लामी कालगणनेतील) २२ ची, म्हणजे ६४३ ची, एक पावती व्हिएन्नात जपलेली आहे. अरब फौजेने ६५ मेंढ्या घेतल्याची ती नोंद ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांत आहे. इराकचे दफ्तर ६९७ च्या सुमारापर्यंत पहलवी या जुन्या इराणी भाषेत आणि सीरियाचे ७०० च्या सुमारापर्यंत ग्रीकमध्येच चालले. चांदीच्या दिरहमांवर सासानी राजा खुस्रोचा चेहरा आणि अग्निवेदी तशीच होती; कडेला फक्त ‘बिस्मिल्लाह’ची भर पडली. निव्वळ अक्षरांचा सोन्याचा दिनार खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७७ (६९६–९७) मध्ये काढला. त्याचे वजन ४.२५ ग्रॅम, तर बायझंटाइन सोन्याचे नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे. आपली नाणी आणि आपल्या भाषेतले दफ्तर असलेले राज्य खऱ्या अर्थाने इथून उभे राहिले, असे माझे मत आहे.

धर्मांतराची घाई सत्तेलाच नव्हती. कारण पैशाचे होते. जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरील डोईपट्टी, प्रौढ, धडधाकट पुरुषांवर असे. कायदेपंडितांच्या ग्रंथांत त्याचे वार्षिक दर ऐपतीप्रमाणे ४८, २४ आणि १२ दिरहम असे येतात. माणूस मुसलमान झाला की ही रक्कम बुडे. शिवाय गाव सोडून तो शहरात गेला की शेत पडीक आणि सारा बंद. म्हणूनच इराकचा सुभेदार हज्जाजने अशा नवमुस्लिम शेतकऱ्यांना पुन्हा गावी हाकलले. त्यांच्याकडून जिझिया घेऊ नका, असा हुकूम खलिफा दुसरे उमर (७१७–७२०) यांना काढावा लागला. यावरून राजवट सौम्य होती असे मात्र कोणी समजू नये. लढून पडलेल्या शहरांत लूट झाली, माणसे गुलाम झाली. खुद्द अरबस्तानची गोष्ट तर निराळीच. तिथे पैगंबरांनंतर टोळ्यांनी केलेली ६३२–३३ ची बंडे शस्त्राने मोडली गेली.

रिचर्ड बुलियट या अमेरिकन इतिहासकाराने १९७९ मध्ये एक युक्ती वापरली. चरित्रकोशांतल्या वंशावळीत इराणी नाव संपून मुस्लिम नाव कोणत्या पिढीत सुरू होते, ते त्याने मोजले. त्यावरून ७५० च्या सुमारास इराणमध्ये मुसलमान जेमतेम दहा टक्के आणि निम्म्यावर प्रमाण गेले ते नवव्या शतकात, असा अंदाज निघतो. कोशांत प्रतिष्ठित शहरी घराणीच येतात, ही त्यातली उणीव. खेडी बहुधा आणखी मागे असणार. इजिप्तमध्येही ७५० ला ख्रिस्ती बहुसंख्य होते. तेव्हा नकाशाखाली ‘खलिफांचे राज्य’ असे छापावे.

सोबतच्या तक्त्यात हिजरी सालांत सरळ ६२२ मिळवलेले दिसतात, तेही दुरुस्त करावे. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून ३३ हिजरी वर्षे ३२ सौरवर्षांत बसतात. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून मग ६२२ मिळवावेत. एखाद्या वर्षाचा फरक उरतो, कारण हिजरी वर्ष बहुधा दोन इसवी सालांत पडते. अब्बासी घराणे सत्तेवर आले ते हिजरी १३२ तक्त्यात ७५४ झाले आहे. ते ७४९–५० हवे.

आपला,
इतिहासाचा एक वाचक