गणित सोडू नका, एवढं तरी पोरांना वेळेवर सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकात 'नीट'च्या गुणवंतांचे फोटो दोन दिवस येत होते. लातूरचे किती, नांदेडचे किती, कोणत्या क्लासचे किती. पोरांनी रात्री जागून काढल्या आहेत, कौतुक व्हायलाच पाहिजे. ते फोटो बघता बघता एक जुनी सल पुन्हा वर आली, की हवाई दलात वैमानिक व्हायचा रस्ता आमच्या पोरांना वेळेवर कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी हवाई दलात वीस वर्षे एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेला सैनिक, होतो. सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि आता हदगाव तालुक्यात शेती करतो. ३० सप्टेंबर २०२१ ला एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी हवाई दलाचे प्रमुख झाले, तेव्हा आमच्या तालुक्याला किती आनंद झाला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांचं मूळ गाव हस्तरा, आमच्याच तालुक्यातलं. मी स्वतः नांदेडहून पेढे आणून गल्लीत वाटले. माझी आणि त्यांची भेट कधी झाली नाही, पण ज्या मिग-२९ विमानांवर माझ्या हाताला तेल लागलं, ती विमानं त्यांनी उडवली आहेत, एवढं नातं मला पुरे होतं. त्या दिवशी चहाच्या टपरीवर एका पोराने विचारलं, "काका, एवढ्या वर कसं जाता येतं?" टपरीवर पंधरा-वीस माणसं होती. एकालाही उत्तर माहीत नव्हतं. कोणी म्हणालं भरती निघते, कोणी म्हणालं वशिला लागतो.

वशिला लागत नाही. रस्ता सरळ आहे, फक्त त्याचं दार फार लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं.

चौधरी साहेबांचाच प्रवास बघा. खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, ते बाहेर पडले आणि २९ डिसेंबर १९८२ ला लढाऊ वैमानिक म्हणून अधिकारी झाले. मिग-२१, मिग-२३, मिग-२९, सुखोई-३० अशा विमानांवर मिळून ३८०० तासांहून जास्त उड्डाण. सियाचीनच्या ऑपरेशन मेघदूतमध्ये होते, १९९९ च्या कारगिलच्या वेळी ऑपरेशन सफेद सागरमध्ये होते. मधल्या काळात नव्या वैमानिकांना शिकवलं, लढाऊ स्क्वॉड्रन सांभाळलं, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकले, दुंडीगलच्या एअर फोर्स अकादमीचे उपप्रमुख झाले. ऑगस्ट २०२० मध्ये, लडाखमध्ये चीनचं सैन्य समोर उभं असताना, पश्चिम हवाई कमानीची सूत्रं त्यांच्याकडे आली. जुलै २०२१ मध्ये उपप्रमुख, सप्टेंबरात प्रमुख. ३० सप्टेंबर २०२४ ला ते निवृत्त झाले. वर्दीत जवळपास ४२ वर्षे.

या ४२ वर्षांचा हिशेब पोरांना समजावून सांगायला हवा. आताच्या नियमाने नवा अधिकारी, म्हणजे फ्लाइंग ऑफिसर, दोन वर्षांत फ्लाइट लेफ्टनंट होतो, सहा वर्षांत स्क्वॉड्रन लीडर, तेरा वर्षांत विंग कमांडर. इथपर्यंत काम नीट केलं की नोकरीची वर्षे माणसाला वर नेतात. पुढे ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, प्रत्येक पायरीला निवड मंडळ बसतं आणि जागा कमी कमी होत जातात. शिवाय प्रत्येक हुद्द्याचं निवृत्तीचं वय ठरलेलं. प्रमुखाला वयाची ६२ किंवा तीन वर्षे, जे आधी येईल ते. म्हणजे वीस-एकविसाव्या वर्षी जो अधिकारी होतो त्याच्या हाती वर्षे जास्त राहतात. पदवीनंतर चोविसाव्या वर्षी आलेला कितीही हुशार असला तरी तीन-चार वर्षे मागून सुरुवात करतो. आणि प्रमुख होतो तो उड्डाण शाखेतलाच. २००७ मध्ये फली होमी मेजर हेलिकॉप्टर शाखेतून आलेले पहिले प्रमुख झाले तेव्हा त्याचीच केवढी बातमी झाली होती.

आता माझं सांगतो. १९८८ मध्ये बारावीनंतर मी नांदेडला एअरमनची जाहिरात वाचली आणि फॉर्म भरला. बेळगावला ट्रेनिंग, मग तांबरमला एअरफ्रेम फिटरचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या देखभालीचा ट्रेड, मग पुण्याला लोहगाव. विमान उडायच्या आधी आम्ही ते तपासायचो, जिथे जिथे सेफ्टी पिना आणि कव्हरं लावलेली असतात ती काढायचो. प्रत्येकाला लाल पट्टी, त्यावर 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' लिहिलेलं. काढलेल्या सगळ्या पिना हातात धरून वैमानिकाला दाखवायच्या, त्याने त्या मोजायच्या. त्याआधी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या नोंदवहीवर, आमची सही, आमच्या सहीखाली त्याची सही. माझ्या सहीवर भरवसा ठेवून तो माणूस आकाशात जायचा.

असाच एक कोवळा फ्लाइंग ऑफिसर एकदा पावसामुळे उड्डाण थांबलं म्हणून हँगरमध्ये माझ्याजवळ येऊन उभा राहिला. गाव कोणतं, शिक्षण किती, असं विचारत होता. मी म्हटलं, बारावी सायन्स, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "फिर एनडीए क्यों नहीं दिया?"

संपादक महोदय, एनडीए हा शब्द मी तेव्हा हवाई दलातच ऐकला होता आणि ते अधिकाऱ्यांच्या पोरांसाठी असतं असं समजत होतो. त्याचे वडील पोस्टात कारकून होते. आमची वयं काढली तर मी त्याच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा. एनडीएसाठी वय लागतं साडेसोळा ते साडेएकोणीस. माझी ती तीन वर्षे हदगावात आणि बेळगावात निघून गेली होती. ज्या संस्थेचं नावही मला कोणी सांगितलं नव्हतं, ती त्याच पुण्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

एअरमन होण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. १९९९ मध्ये मी पंजाबात आदमपूरला होतो. त्या उन्हाळ्यात आम्ही विमानांखालीच जेवलो, विमानांखालीच झोपलो. सुट्टी मिळाली की जालंधरहून सचखंड एक्स्प्रेस पकडायची आणि थेट नांदेडला उतरायचं. त्या नोकरीने मला घर दिलं, मान दिला. पण जमिनीवर राहणं मी निवडलं नव्हतं. दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांनंतर आमच्या गावात तेच चालू आहे, याचं मला दुःख आहे.

पहाटे पाचला नागपूर रोडवर या, वारंग्यापासून हदगावपर्यंत पोरं धावताना दिसतील. १६०० मीटर किती मिनिटं किती सेकंदांत मारायचे हे प्रत्येकाला पाठ आहे. पोलीस भरती, अग्निवीर, होमगार्ड. त्यांच्यातल्या किती जणांना एनडीएची परीक्षा बारावीत असतानाच देता येते हे ठाऊक आहे? मी विचारून पाहिलंय. ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा माझ्याकडे आला. दहावीला गणितात त्र्याण्णव मार्क होते. मोबाइलवर कुठेतरी राफेल बघून त्याच्या डोक्यात वैमानिक व्हायचं बसलं होतं. मी त्याला भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून, पाय सरळ करून जमिनीवर बसवलं. शेजारच्या टेलरचा टेप आणला. भिंतीपासून टाचेपर्यंत पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये पाहिजे, त्याची १०४ भरली. भिंतीपासून गुडघ्यापर्यंत ६४ च्या आत पाहिजे, तीही होती. बसल्यावर डोक्यापर्यंतची उंचीही मापात होती. उंची १६२.५ च्या वर. चष्मा नाही. प्रत्येक आकडा मी मोठ्याने वाचत होतो आणि त्याचा बाप उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. मीच हरखून गेलो होतो. मग विचारलं, "विषय कोणते घेतलेस?"

"पीसीबी, काका."

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी त्याच्या कॉलेजात त्याला सांगण्यात आलं होतं की नीट करायची तर गणिताचं ओझं कशाला, गणित सोड. त्याने सोडलं. त्याला दोन्ही विषय ठेवता आले असते. एनडीएत हवाई दलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतंच. पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन उड्डाण शाखेत जायचं म्हटलं तरी बारावीचं गणित लागतं. म्हणजे एका फॉर्मवरच्या एका खुणेने दोन्ही दारं गेली. मी टेप गुंडाळला. बापाने विचारलं, "आता काही करता येत नाही का?" मला त्याच्याकडे बघवलं नाही. नीटमध्ये पोराचा नंबर लागला नाही, आता परभणीला शेतीच्या पदवीला आहे. चांगला शिकतोय. पण त्याला कोणी नापास केलं नव्हतं, त्याला परीक्षेपर्यंत पोचूच दिलं नाही.

मराठवाडा या बाबतीत काही वाळवंटात नाही, हेच जास्त टोचतं. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, जिला सगळे एसपीआय म्हणतात. दहावीनंतर दोन वर्षे तिथे ठेवून एनडीएची तयारी करून घेतात. ती आपल्या अंगणात, आणि तिच्या परीक्षेचा अर्ज दहावीत असतानाच भरायचा असतो हे आमच्या तालुक्यातल्या हेडमास्तरांनाही सांगावं लागतं. एनडीएनंतर उड्डाणाचं शिक्षण होतं ते हैदराबादजवळच्या दुंडीगलला. आणि लढाऊ विमानांचे होणारे वैमानिक हॉक या प्रशिक्षण विमानावर तयार होतात बिदरला. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. उदगीर-देगलूरकडच्या माणसाला बिदर काही परमुलूख नाही. त्या बाजूचे लोक तिथलीच विमानं डोक्यावरून जाताना बघतात. वर बसलेलं पोर त्यांच्या पोरापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठं असतं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत असायला हवी. लेखी परीक्षेनंतर होणाऱ्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीबरोबर वैमानिकासाठी संगणकावरची एक वेगळी चाचणी असते, ती जन्मात एकदाच देता येते. न समजता, बघू काय होतं म्हणून जाऊन आलेल्या पोराचं उड्डाण तिथेच संपतं. म्हणून आधीच सांगणारं माणूस लागतं.

माझं मागणं फार मोठं नाही. यूपीएससी एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा घेते. तिच्या आणि एसपीआयच्या अर्जाच्या तारखा आपण तालुका पानावर, शेवटच्या तारखेच्या आधी महिनाभर, चौकट करून छापा. अकरावीचे प्रवेश सुरू होतात त्या आठवड्यात एकच ओळ ठळक छापा, की गणित सोडलं तर हवाई दलात वैमानिक होता येत नाही. ज्युनियर कॉलेजच्या प्राध्यापकांनीही, क्लास कोणताही असो, गणित सोडायचा सल्ला देण्याआधी पोराला एकदा विचारावं की तुला काय व्हायचंय. आमच्यासारखे निवृत्त सैनिक प्रत्येक तालुक्यात आहेत. हदगाव तालुक्यातल्या कोणत्याही शाळेने बोलावलं तर मी स्वतःच्या खर्चाने येईन, टेप घेऊन येईन.

त्या मुलाची धाकटी बहीण आता नववीत आहे. एनडीएत मुली २०२२ पासून जातात आणि ३० मे २०२५ ला पहिल्या तुकडीतल्या १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या. नाशिकला मुलींची एसपीआयही सुरू झाली आहे. गेल्या महिन्यात तिच्या आईने स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून कोळशाने खूण केली आणि मला बोलावून मोजायला लावलं. १५८ भरली. साडेचार सेंटीमीटर कमी आहेत आणि तिच्याकडे वेळ आहे. तिने मला विचारलं की नाशिकचा फॉर्म कधी निघतो. आपण तारीख छापली की मी तो अंक तिच्या घरी नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त सार्जंट, भारतीय हवाई दल
ता. हदगाव, जि. नांदेड