डॉक्टर मॅडम, पहाटेच्या त्या वेळा विचारल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनला सहा महिने झाले. पहाटे तीनचा गजर लावून यांना उठवून खायला घालणं थांबलंय. पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय, कारण आणखी कुणाच्या घरीही असा गजर लागत असेल.

दोन वर्षं यांना फिट्सच्या गोळ्या चालू होत्या. पहाटे घामानं निथळायचे, बरळायचे, मला ओळखायचे नाहीत. गोळ्या वाढल्या, मग मानसोपचारही सुरू झाले. तुम्ही जाडजूड फाइल बाजूला ठेवून मला विचारलंत, "त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं? खायला दिल्यावर किती वेळात भानावर येतात?" उत्तर मला पाठ होतं, पण विचारलंच नव्हतं कुणी. गोड भरवलं की पंधरा मिनिटांत माणूस ठीक. म्हणून तर दवाखान्यात पोचेपर्यंत साखर नॉर्मल यायची.

मग तो दवाखान्यातला ७२ तासांचा उपवास, उपाशीपोटी साखर किती उतरते ते बघायला. त्रास सुरू झाला की आधी रक्त, मगच ग्लुकोज, असं तुम्ही बजावलं होतंत. अठराव्या तासाला यांची जीभ अडखळली आणि मी तुमच्यावर ओरडले. माफ करा. साखर ३८ होती. इतकी उतरल्यावर इन्सुलिन जवळपास थांबायला हवं, यांचं चालूच होतं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारं सी-पेप्टाइडही वाढलेलं, म्हणजे इन्सुलिन टोचलेलं नाही, स्वतःच्याच स्वादुपिंडातलं. मधुमेहाच्या गोळ्यांचा अंश रक्तात शोधलात तेव्हा मला तो आमच्यावरचा संशय वाटला होता. त्या गोळ्यांनीही आकडे असेच येतात, हे नंतर समजलं.

सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही आणि आम्ही खचलो. तुम्ही म्हणालात, "गाठ आहे हे रक्तानं सांगितलंय. आता फक्त जागा शोधायची." एंडोस्कोपीतून केलेल्या सोनोग्राफीत ती सापडली, १४ मिलिमीटरची. इन्सुलिनोमा, म्हणजे नको तेव्हाही इन्सुलिन सोडत राहणारी स्वादुपिंडातली गाठ. ऑपरेशनपर्यंत डायझॉक्साइड या इन्सुलिन रोखणाऱ्या औषधानं सांभाळलं आणि सर्जननी स्वादुपिंड राखून तेवढी गाठ सोलून काढली. फिट्सच्या गोळ्याही हळूहळू बंद झाल्या.

तुम्ही वेळा लिहायला लावलेली वही शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला मागितली होतीत, ती पाठवतेय. काही पानांवर अक्षर वेडंवाकडं आहे. एका हातानं यांना धरून लिहिलंय.

तुमची ऋणी,
एका रुग्णाची पत्नी