सुऱ्या, तुझा आवाज पाठव

कोल्हापूर
रविवार

प्रिय सुऱ्या,

माझी पाठ बरी आहे, आईचं बीपी ताब्यात आहे. आता मुद्दा. पक्या माउथ ऑर्गन सोडतो म्हणतोय. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार?

त्याचा जुना ट्रेमोलो आठवतोय ना? एका सुराला दोन रीड, किंचित फरकानं लावलेल्या, त्यामुळं नुसतं फुंकलं तरी सूर लहरतो. ताई म्हणायची, पोराच्या हातात काय कंप आहे! मी दहा भोकांचा दिला तर सूर सरळ, उघडा. त्याला वाटतंय आपली कलाच गेली.

म्हणून आता जिथं तिथं शेक, म्हणजे शेजारच्या दोन भोकांत भराभर अदलाबदल. चौथं-पाचवं भोक श्वास आत ओढून, सी पट्टीत म्हणजे रे आणि म. ब्लूजमध्ये तो हवाच, पण भावगीतात मधला गंधार गिळून रे-म, रे-म? मला नाही सोसत. क्रोमॅटिक, म्हणजे सगळे कोमल-तीव्र सूर देणाऱ्या ऑर्गनचं बटण भराभर दाबलं तर सा आणि कोमल रे येतात, ते तरी भूप रागात कुठं घालायचे? बरं, शेकसुद्धा तो तुझ्यासारखी मान हलवून करतो! रंकाळ्यावर यावरून आपण अबोला धरला होता. मी आजही तेच म्हणेन: मान स्थिर, ऑर्गन हातानं सरकव. वेग वाढला तरी दोन्ही सूर स्वच्छ पडतात.

हाताचा व्हायब्राटो, म्हणजे कंप, त्यानं लगेच उचलला, कारण तो दिसतो. ओंजळीची उघडझाप, सूर जवळजवळ जागचा हलत नाही, आवाज आणि त्याचा रंग बदलतो. घशाचा कसा दाखवू? श्वास आत ओढताना, खोकला दाबल्यासारखी, घशात हवा बारीक तोडायची. एवढं सांगितलं की गडी खरंच खोकतो! ताई काढा घेऊन येते.

गमकावरून, म्हणजे गाण्यातल्या सुराच्या जोरकस हेलकाव्यावरून, तू गायक अल्लादियाखाँसाहेबांना वादात ओढायचास. कंपाचा वेग गाण्याच्या लयीनं ठरवावा, हे तुझं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. पक्याला ते ऐकायला मिळायला हवं, आणि घशातून तसं वाजवणारा माझ्या ओळखीत तू एकटाच. पोराला सूर आहे रे. फक्त सरळ सुराची भीती बसलीय.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? सविस्तर लिही.

आणि एवढं कर. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव. आधी ऑर्गन न घेता नुसता घसा, ठोक्याला दोन, मग तीन, मग चार. तेच चौथं भोक ओढून. शेवटी एक लांब सूर, बराच वेळ अगदी सरळ, आणि सुटता सुटता थोडा कंप. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर नको, तिथं आवाज दबतो. मेल कर, गुरुवारच्या आत. शुक्रवारी तो ऑर्गन परत द्यायला येणार आहे.

तुझा,
बाब्या