दिवा विझवला म्हणजे गाडी दुरुस्त झाली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालण्याची आपल्याकडे रीत आहे. हल्ली वॉशिंग सेंटरवाले बॉनेट उघडून इंजिनावरही प्रेशरने पाणी मारतात आणि मालक खूश होतो. माझ्या भाच्याची छोटी पेट्रोल गाडी अशीच चकचकीत झाली. पुढच्या आठवड्यात फोन आला, "मामा, गाडी मिसिंग मारी ऱ्हायनी." म्हणजे इंजिन अडखळत, झटके देत चालत होते. इंजिनाचा पिवळा दिवाही लागला होता. धुळ्याच्या एका गॅरेजने स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणारे यंत्र) लावला, कोड पुसून दिवा घालवला, 'इंजेक्टर क्लीनिंग'चे, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग साफ केल्याचे, पैसे घेतले. कन्नड घाट चढताना दिवा परत आला, तोही लुकलुकत.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. आमच्या डिझेल इंजिनात मेलेला, म्हणजे इंधन न पेटणारा, सिलिंडर शोधायचा तर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायचो. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तोच गुन्हेगार. आता हे काम गाडीतला कॉम्प्युटर करतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, धक्का बसतो. धक्का चुकला की क्रँकचा वेग क्षणभर पडतो, सेन्सर ते टिपतो आणि कोड साठवतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, असे पुढे. पी ०३०० आला तर एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही; मग पेट्रोल, हवेची गळती असे सगळ्यांना सामाईक असलेले आधी बघायचे.

पण कोड फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, इंजेक्टर, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन), काहीही असू शकते. भाच्याच्या गाडीत पी ०३०२ होता. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. गाडी चालवून आणली तर कोड पी ०३०३ झाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोषी कॉइलच. प्लगच्या खड्ड्यात पाण्याचा गंज होता आणि कॉइलच्या रबरी टोपीवर ठिणगी बाहेर पळाल्याची बारीक रेघ. इंजेक्टरचा काही संबंध नव्हता. या तपासाला कोड वाचायला स्कॅनर, एक पान्हा आणि थोडी सवड लागते, बाकी काही नाही. (सीएनजी किट असेल तर अशी कॉइल गॅसवर आधी उघडी पडते, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते. पेट्रोलवर ठीक चालते म्हणून लोक किटवाल्याशी भांडत बसतात.)

माझी तक्रार कोड पुसण्याबद्दल आहे. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही साठलेली असते: इंजिनाचे फेरे, तापमान, लोड. कोड न लिहिता पुसला की ती नोंदही जाते आणि पुढचा मेकॅनिक अंधारात चाचपडतो. तेव्हा गॅरेजवाल्यांनी कोड पुसण्यापूर्वी बिलावर लिहावा, बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. आणि गिऱ्हाइकांनीही स्कॅनरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येते. लुकलुकत असेल तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवा. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो आतून वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात. त्याच्या किमतीत कॉइलचे कितीतरी संच येतील.

वॉशिंग सेंटरवाल्यांना एवढेच सांगणे, की इंजिन ओल्या फडक्याने पुसले तरी दसरा साजरा होतो.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, चाळीसगाव